सामुदायिक आरोग्य आणि धर्मगुरू (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील सामुदायिक आरोग्याच्या कार्यात धर्मगुरूंचा सहभाग हा सार्वजनिक आरोग्य आणि समाजशास्त्र या दोन्ही अभ्यासशाखांशी संबंधित विषय आहे. साथीच्या काळातील लोकशिक्षण, लसीकरणाविषयीचे गैरसमज दूर करणे, स्वच्छतेचा प्रसार, व्यसनमुक्ती, रुग्णसेवा आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या निवाऱ्याची सोय ही या सहभागाची प्रमुख क्षेत्रे होत. मुंबईत १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगच्या साथीपासून २०२२ मधील गोवरच्या उद्रेकापर्यंत या सहभागाची अनेक उदाहरणे आढळतात. धर्मगुरूकडे सहसा वैद्यकीय ज्ञान नसते; त्याच्याकडे असतो तो लोकांचा विश्वास. हा विश्वास उपचाराकडे वळवला गेला तेव्हा प्राण वाचले आणि उपचारापासून दूर नेला गेला तेव्हा हानी झाली. त्यामुळे या भूमिकेचे मूल्यमापन करताना तिच्या उपयोगाबरोबर तिच्या मर्यादांचाही विचार केला जातो.

संज्ञा आणि व्याप्ती

‘धर्मगुरू’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक धर्मपरंपरेत वेगळा आहे. कॅथलिक पंथात धर्मगुरूला रीतसर दीक्षा दिली जाते आणि त्याच्यावर ठरावीक धर्मग्रामाची (पॅरिशची) जबाबदारी असते. मशिदीचा इमाम नमाजाचे नेतृत्व करतो, तर मौलवी धर्मशास्त्राचा जाणकार मानला जातो. बौद्ध विहारात भिक्खू म्हणजे भंतेजी धम्मोपदेश करतात. हिंदू समाजात पुरोहित, मठाधिपती, कीर्तनकार आणि वारकरी फडांचे प्रमुख अशा अनेक भूमिका असून त्या एका अधिकारसाखळीत बांधलेल्या नाहीत. आदिवासी भागांतील भगत, भूमका किंवा पुजारी हे धार्मिक विधी आणि पारंपरिक उपचार अशी दोन्ही कामे करतात. या लेखात ही संज्ञा व्यापक अर्थाने वापरली आहे. मंदिरांचे विश्वस्त मंडळ किंवा धर्मादाय संस्था यांनी चालवलेली रुग्णालये हा याला लागून असलेला, पण वेगळा विषय आहे.

इतिहास

प्लेगची साथ

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम लागू झाला आणि त्याच्या आधारे घरझडती, रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवणे, प्रवाशांची तपासणी असे उपाय योजण्यात आले. पुण्यात या कामासाठी लष्कराचा वापर झाला. त्यातून निर्माण झालेल्या असंतोषात २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी विणकरांच्या मुस्लिम वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. स्त्रियांची परपुरुषांकडून होणारी तपासणी, जातिधर्माच्या नियमांचा भंग आणि रुग्णालयाविषयीची भीती ही या विरोधाची मुख्य कारणे होती.

याच काळात डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगप्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लशीविषयी लोकांच्या मनात मोठी धास्ती होती. इस्माइली खोजा समाजाचे इमाम तिसरे आगा खान, सर सुलतान महंमद शाह, हे त्या वेळी अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी हाफकिन यांना संशोधनासाठी माझगाव येथील ‘खुश्रू लॉज’ ही वास्तू वापरण्यास दिली आणि अनुयायांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली. त्यानंतर खोजा समाजातील लोक मोठ्या संख्येने लस घेण्यास पुढे आले. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलवण्यात आली. तीच आजची हाफकिन संस्था होय.

एकाच शहरात, एकाच रोगाच्या साथीत, सक्तीला झालेला विरोध आणि स्वेच्छेने झालेले लसीकरण ही दोन्ही उदाहरणे जवळजवळ एकाच वेळी घडली. आगा खान यांनी केवळ आवाहन केले नाही, तर लशीचा धोका प्रथम स्वतः पत्करला, ही बाब येथे महत्त्वाची मानली जाते. दंगलीनंतरच्या काळात सरकारने सक्तीचे उपाय सौम्य केले आणि विविध समाजांनी चालवलेल्या प्लेग रुग्णालयांना वाव मिळाला.

प्लेगच्या काळात धार्मिक प्रतिसादाचे दुसरेही रूप दिसले. वांद्रे आणि साष्टीतील ईस्ट इंडियन गावठाणांत साथीपासून संरक्षण मिळावे म्हणून क्रूस उभारले गेले. त्यांपैकी अनेक आजही उभे असून काहींवर त्या काळातील सन कोरलेले आहेत. या क्रूसांचा रोगप्रतिबंधाशी संबंध नसला, तरी साथीची स्मृती जपणारी आणि वस्तीला एकत्र आणणारी स्थाने म्हणून त्यांचा अभ्यास केला जातो.

कीर्तन आणि ग्रामस्वच्छता

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी कीर्तनाला स्वच्छतेच्या लोकशिक्षणाचे रूप दिले. ते रूढ अर्थाने धर्मगुरू नव्हते. त्यांनी कोणालाही शिष्य केले नाही आणि कोणता पंथही स्थापन केला नाही. गावात गेल्यावर प्रथम हातात खराटा घेऊन रस्ते व गटारे झाडायची आणि रात्री कीर्तनातून दारू, कर्ज, पशुबळी, अस्पृश्यता व अज्ञान यांवर श्रोत्यांना प्रश्न विचारीत बोलायचे, अशी त्यांची पद्धत होती. यात्रेकरू आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी त्यांनी धर्मशाळा उभारल्या. मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या कर्करुग्णांची व त्यांच्या नातेवाइकांची राहण्याची सोय होते. दीर्घ उपचार अर्धवट सुटण्याचे एक मोठे कारण निवासाचा खर्च हे असल्याने अशा धर्मशाळांचा आरोग्याशी थेट संबंध येतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांनीही खंजिरी भजने आणि ‘ग्रामगीता’ यांद्वारे ग्रामसफाई, व्यायाम, आहार व व्यसनमुक्ती यांचा पुरस्कार केला. महाराष्ट्र शासनाने २०००–०१ मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. गावागावांत स्पर्धा घेऊन लोकसहभागातून स्वच्छता साधण्याचे हे अभियान पुढे देशभर ओळखले गेले.

मिशन रुग्णालये

अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरज येथे रुग्णालय सुरू केले. शस्त्रक्रियेसाठी त्याची ख्याती दक्षिण महाराष्ट्राबाहेरही पसरली आणि मिरजेला वैद्यकीय केंद्र म्हणून ओळख मिळण्यास तेथून प्रारंभ झाला. अमरावती जिल्ह्यातील कोठारा येथे कुष्ठरुग्णांसाठी मिशनचे केंद्र उभे राहिले. कॅथलिक चर्चने १९३६ मध्ये व्रतस्थ भगिनींना प्रसूतिशास्त्रासह वैद्यकीय व्यवसाय करण्याची मुभा दिल्यानंतर भगिनींच्या रुग्णसेवेचा विस्तार झाला. मुंबई उपनगरांत वांद्र्याचे होली फॅमिली रुग्णालय, अंधेरीचे होली स्पिरिट रुग्णालय आणि वर्सोव्याचे कुष्ठरोग व त्वचारोगांसाठीचे विमला केंद्र ही भगिनींच्या संस्थांनी उभारलेल्या सेवेची उदाहरणे आहेत. मिशनच्या रुग्णसेवेवर धर्मांतराच्या हेतूवरून टीकाही झाली आणि हा वाद भारतातील मिशनकार्याच्या इतिहासाचा भाग आहे.

लसीकरण

भारतात पल्स पोलिओ मोहीम डिसेंबर १९९५ मध्ये सुरू झाली. पोलिओच्या थेंबांमुळे मुले पुढे वंध्य होतात, अशी अफवा देशाच्या काही भागांत पसरली. तिला उत्तर देण्यासाठी उत्तर प्रदेश व बिहारमध्ये इमाम, मदरशांचे शिक्षक आणि मुस्लिम विद्यापीठांतील तज्ज्ञ यांची मदत घेण्यात आली. महाराष्ट्रात मालेगाव, भिवंडी आणि मुंबईच्या काही दाट वस्त्यांत मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून लसीकरणाच्या दिवसाची घोषणा करण्याची पद्धत रूढ झाली. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओरुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवराचा उद्रेक झाला. गोवंडीच्या वस्त्यांत त्याची तीव्रता विशेष होती. भिवंडी व मालेगाव येथेही रुग्ण आढळले. कोविड काळात नियमित लसीकरण खंडित झाल्याने अनेक बालके लशीविना राहिली होती. मुंबई महानगरपालिकेने घरोघरी पाहणी सुरू केली, उद्रेक झालेल्या भागांत बालकांना अतिरिक्त मात्रा देण्याचा निर्णय घेतला आणि स्थानिक मौलवी व अन्य धर्मगुरूंच्या बैठका घेऊन त्यांना पालकांना आवाहन करण्याची विनंती केली.

धर्मगुरूंच्या निर्णयातील बारकावा कसा परिणाम घडवतो, याचे एक उदाहरण इंडोनेशियात दिसते. २०१८ मध्ये तेथील उलेमा परिषदेने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या गोवर-रुबेला लशीत डुकरापासून मिळवलेल्या घटकाचा वापर झाल्याने ती निषिद्ध ठरवली; मात्र पर्यायी लस उपलब्ध नसल्याने आणि रोगाचा धोका असल्याने गरज म्हणून तिचा वापर करण्यास अनुमती दिली. निर्णयाचा दुसरा भाग लसीकरणाला अनुकूल असूनही अनेक प्रांतांत पालकांपर्यंत पहिलाच भाग पोहोचला आणि लसीकरणाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी राहिले.

कोविड-१९ महासाथ

मार्च २०२० मध्ये राज्यात १८९७ चाच साथरोग अधिनियम पुन्हा लागू करण्यात आला आणि प्रार्थनास्थळे बंद झाली. मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांताने सार्वजनिक मिस्सा स्थगित केल्या. मौलवींनी रमजानमधील नमाज व ईदची प्रार्थना घरीच करण्याचे आवाहन केले. आषाढी वारीच्या पायी पालख्या २०२० मध्ये निघाल्या नाहीत. मानाच्या पालख्यांमधील पादुका मोजक्या लोकांसह वाहनाने पंढरपूरला नेण्यात आल्या. पंढरपूरच्या यात्रेत पूर्वी पटकीच्या साथी पसरत असल्याने वारी व साथरोग यांचा संबंध प्रशासनाला नवा नव्हता. तरी पायी वारी थांबवणे संप्रदायप्रमुखांच्या संमतीशिवाय कठीण गेले असते.

भिवंडीच्या शांतीनगर भागातील मक्का मशिदीत २०२० मध्ये प्राणवायूची सोय असलेले केंद्र सुरू झाले. ते सर्वधर्मीय रुग्णांसाठी विनामूल्य खुले होते. मृतदेहांच्या विल्हेवाटीबाबत मात्र वाद झाला. ३० मार्च २०२० रोजी सर्व कोविड मृतांचे दहन करण्याचा मुंबई महापालिकेचा आदेश निघाला आणि त्याच दिवशी त्यात बदल करून दफनास मुभा देण्यात आली. वांद्र्यातील दफनभूमींना विरोध करणारी याचिका मे २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. दफनामुळे संसर्ग पसरतो याला आधार नसल्याचे त्यात स्पष्ट झाले. पश्चिम आफ्रिकेत २०१४ च्या इबोला साथीत याच्या उलट स्थिती होती. तेथे मृतदेहाला स्पर्श करणे खरोखर धोकादायक असल्याने इमाम व पाद्री यांच्या सल्ल्याने सुरक्षित, तरीही सन्मानपूर्वक अंत्यविधीची पद्धत ठरवण्यात आली.

मुंबईची पूर्व उपनगरे आणि भांडुप

भांडुप हे मध्य रेल्वेवरील कांजूरमार्ग आणि नाहूर या स्थानकांदरम्यानचे उपनगर असून ते महापालिकेच्या ‘एस’ विभागात येते. मुंबईला पुरवठा होणाऱ्या पाण्याच्या शुद्धीकरणाचे मोठे संकुल येथे आहे. भांडुप पश्चिमेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूच्या डोंगरउतारावर दाट वस्ती आहे. अरुंद चढण, पायऱ्यांच्या गल्ल्या, पाण्याचा अपुरा दाब, सामायिक शौचालये आणि पावसाळ्यात दरड कोसळण्याची भीती या अशा वस्त्यांच्या नेहमीच्या अडचणी होत. क्षयरोग, जुलाब, डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिस हे आजार मुंबईच्या अशा भागांत सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख प्रश्न मानले जातात.

अशा वस्त्यांत मंदिर, बुद्ध विहार, मशीद व चर्च यांना सार्वजनिक जागा म्हणून महत्त्व येते, कारण अनेकदा तेवढीच छत असलेली मोकळी जागा गल्लीजवळ उपलब्ध असते. लसीकरण सत्र, रक्तदान शिबिर किंवा नेत्रतपासणी भरवण्यासाठी तिचा उपयोग होतो. महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका घरोघरी जाऊन बालकांच्या याद्या करतात आणि नकार देणाऱ्या कुटुंबांची वेगळी नोंद ठेवतात. वारंवार समजावूनही नकार कायम राहिल्यास त्या कुटुंबाच्या परिचयातील धर्मगुरू, मंडळाचा कार्यकर्ता किंवा स्थानिक डॉक्टर यांची मदत घेतली जाते. शुक्रवारची नमाज, रविवारची मिस्सा, विहारातील वंदना किंवा हरिनाम सप्ताह यांना जोडून केलेली सूचना एकाच वेळी अनेक कुटुंबांपर्यंत पोहोचते. तथापि लस टोचणे, पाठपुरावा करणे आणि ताप आल्यास घरी भेट देणे ही कामे परिचारिका व स्वयंसेविका यांनाच करावी लागतात. धर्मगुरूच्या आवाहनानंतर सत्र वेळेवर भरले नाही किंवा लस संपली, तर आवाहनाचा परिणाम टिकत नाही.

व्यसनमुक्ती आणि रक्तदान

मुंबईतील कॅथलिक धर्मगुरू फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. मद्य व अमली पदार्थांचे व्यसन हा नैतिक दोष नसून आजार आहे, या भूमिकेतून समूह-आधार, समुपदेशन व योगसाधना यांची जोड देणारी उपचारपद्धती तेथे विकसित झाली. पुढे एचआयव्हीबाधितांच्या सेवेचाही संस्थेच्या कामात समावेश झाला. परेरा यांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. वारकरी संप्रदायातील माळकऱ्यांचा मद्यमांसवर्ज्य आचार आणि १९५६ च्या धम्मदीक्षेतील २२ प्रतिज्ञांपैकी मद्य न पिण्याची प्रतिज्ञा यांनीही मोठ्या समूहांत व्यसनाविरुद्ध सामाजिक संकेत निर्माण केले.

संत निरंकारी मिशनतर्फे दरवर्षी २४ एप्रिल रोजी मानव एकता दिनानिमित्त रक्तदान केले जाते. उन्हाळी सुट्टीत महाविद्यालयीन शिबिरे थांबून रक्तपेढ्यांत तुटवडा जाणवतो. त्या काळात अशा शिबिरांचा उपयोग होतो.

पारंपरिक उपचारक आणि मानसिक आरोग्य

आदिवासी भागांत आजारी व्यक्तीला प्रथम भगत किंवा भूमकाकडे नेण्याची प्रथा आहे. मेळघाटात आरोग्य विभागाने भूमकांशी संघर्ष करण्याऐवजी त्यांनी रुग्णाला आरोग्य केंद्रात पाठवावे यासाठी मानधन देण्याचा प्रयोग केला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने रुग्णालयाला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले, जेणेकरून ते त्यांना आपलेसे वाटावे.

मानसिक आजारांसाठी दर्गे व मंदिरांकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तमिळनाडूतील एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतर अशा ठिकाणांवरील देखरेखीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा व दुवा’ या उपक्रमात मुजावर श्रद्धेचे विधी न थांबवता रुग्णाला त्याच आवारातील मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. श्रद्धा आणि उपचार यांच्या सहकार्याचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख होतो.

कायदेशीर चौकट

औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) अधिनियम, १९५४ नुसार ठरावीक आजार चमत्काराने बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर राज्यात नरबळी, अमानुष प्रथा व जादूटोणा यांविरुद्धचा कायदा लागू झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र किंवा गंडेदोरे देणे हा या कायद्याखाली गुन्हा आहे. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ च्या कलम १० नुसार बालविवाह लावणारा पुरोहित, काझी वा पाद्री दोन वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस व एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरतो. अल्पवयीन मातांचे व त्यांच्या बाळांचे आरोग्य या तरतुदीशी निगडित आहे.

मर्यादा आणि टीका

धर्मगुरूंच्या सहभागावर पुढील प्रमुख आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, बहुतेक धर्मगुरू पुरुष असल्याने पाळी, गर्भनिरोधन, प्रसूती व घरगुती हिंसा यांसारख्या विषयांत स्त्रियांपर्यंत पोहोचण्यास ते उपयोगी पडत नाहीत. कृत्रिम गर्भनिरोधनाला कॅथलिक चर्चचा तात्त्विक विरोध आहे. दुसरा आक्षेप असा की, ज्या अधिकाराने चांगला संदेश दिला जातो त्याच अधिकाराने चुकीची माहितीही पसरते. अपत्याचे लिंग ठरण्याविषयी कीर्तनातून केलेल्या एका विधानावरून २०२० मध्ये महाराष्ट्रात गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार झाली होती. तिसरा आक्षेप असा की, सरकारी यंत्रणेने प्रत्येक वस्तीसाठी एका धर्मगुरूला प्रतिनिधी मानल्यास त्या समाजातील वेगळे मत असलेले, नास्तिक किंवा बहिष्कृत लोक दुर्लक्षित राहतात आणि आरोग्याचा प्रश्न एखाद्या धर्माचाच असल्याचा समज बळावतो. गोवराच्या उद्रेकात लसीकरण कमी असण्यामागे दारिद्र्य, स्थलांतर, मजुरी बुडण्याची भीती व दवाखान्यांचे अंतर ही कारणेही होती.

धार्मिक मेळाव्यांतील गर्दीची सुरक्षितता हाही आरोग्याचा प्रश्न आहे. ऑगस्ट २००३ मधील नाशिकचा सिंहस्थ आणि जानेवारी २००५ मधील मांढरदेवीची यात्रा येथील चेंगराचेंगरीत मोठी जीवितहानी झाली. अशा प्रसंगी मार्ग, वेळा आणि विधी यांत बदल करण्याचा अधिकार अंशतः धर्मप्रमुखांकडे असल्याने प्रतिबंधाची जबाबदारीही त्यांच्याकडे जाते.

या उदाहरणांच्या आधारे काही अटी सामान्यतः मांडल्या जातात: वैद्यकीय निर्णय डॉक्टर व आरोग्य यंत्रणेचाच असावा, आवाहनापूर्वी सेवा प्रत्यक्ष उपलब्ध असावी, धर्मगुरूला लशीच्या किंवा उपचाराच्या दुष्परिणामांसह खरी माहिती दिली जावी, रुग्णाची गोपनीयता व नकाराचा अधिकार अबाधित राहावा, आणि महिला आरोग्य कर्मचाऱ्यांचे काम दुय्यम ठरू नये.